सेफ्टी फिल्ममधले काका

लग्नांचे व्हिडिओ काढून मी कंटाळले होते. बडोद्यात या धंद्यात बाई दिसली की लोक मेंदी आणि बायकांची खोली शूट करायला पाठवायचे. त्यामुळे कोयलीच्या वाटेवरच्या एका केमिकल कारखान्याने सेफ्टी फिल्मचं काम दिलं, तेव्हा मी ते जीव ओतून केलं. उंचावर काम करताना कमरेचा पट्टा लावला नाही तर काय होतं, हे नव्या कामगारांना दाखवायचं होतं.

पडणाऱ्या माणसाच्या कामाला तिथलेच एक फिटर तयार झाले. पन्नाशीचे, वासण्याला राहणारे, बडोद्याचेच मराठी. मी त्यांना शिडीखाली निजवलं. मग मला सुचलं, शेवटी अंगावर पांढरी चादर ओढावी. कारखान्याने हे मागितलं नव्हतं.

काका म्हणाले, "घाला ताई. फक्त घरी कळू देऊ नका. आमच्या हिला चालायचं नाही."

सहा टेक झाले. पहिल्या पाचांत श्वासाने चादर हलायची आणि मी म्हणायची, "काका, रोखून धरा ना."

तो शॉट बघून माणसं गप्प होतात, असं कारखान्यातून कळलं. मग दुसऱ्या कारखान्यांचे फोन आले. फतेगंजला माझं ऑफिस झालं, ते त्या एका शॉटवर.

चार वर्षांनी एका मुलीचा फोन आला. ती काकांची मुलगी. त्याच कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागली होती आणि पहिल्याच दिवशी तिला फिल्म दाखवली होती.

"पप्पा दोन वर्षांपूर्वी गेले," ती म्हणाली. "घरीच, हार्ट अटॅकने. मी परीक्षेला दिल्लीला होते. पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांच्यावर चादर घातलेली मी पाहिलीच नव्हती. ती तुमच्या फिल्ममध्ये पाहिली."

मग तिने विचारलं,

"शॉट संपल्यावर ते उठले असतील ना? तेवढं द्या मला."

मी जुनी हार्डडिस्क काढली. सहाही टेक पाहिले. दर वेळी माझा आवाज येतो, "कट," आणि चित्र तिथेच थांबतं. ते उठून हसत चहा प्यायला गेले, हे मला आठवत होतं. पण कॅमेरा मी आधीच बंद केला होता.

तिला मी खरं ते सांगितलं. तरी ती ऑफिसात आली आणि सगळे टेक बघून चौथ्यापाशी थांबली. "इथे श्वास घेतलाय त्यांनी," म्हणाली. वाया गेलेला तो टेक ती पेनड्राइव्हवर घेऊन गेली.

तो शॉट काढून टाकायला मी कारखान्यात गेले. साहेब म्हणाले, "बेन, लोकांच्या लक्षात राहतो तो तोच तर शॉट आहे." फिल्म त्यांची होती. मी परत आले.

आता समोरचा माणूस उठून फ्रेमबाहेर जाईपर्यंत मी कॅमेरा बंद करत नाही. एडिटर वैतागतो. ती मुलगी अजून तिथेच कामाला आहे. नवी बॅच आली की फिल्म संपेपर्यंत ती बाहेर जाऊन उभी राहते, आणि मधूनच केव्हातरी मला फोन करून सांगते, "आज परत दाखवली."