इंदूवहिनींचा परदेश

उरणला आमच्या दारी करंज्याहून एक मासळीवाली येते. आठवड्यातून एकदा ती पनवेलच्या बाजारात सुकी मासळी घेऊन जाते आणि परतताना माझ्याकडे घोटभर चहा पिऊन पुढे जाते. त्या दिवशी ती टोपली खाली न ठेवताच उंबऱ्यापाशी उभी राहिली. म्हणाली, "बाय, तुमाला कलला नाय? तुमची पनवेलची वयनी गेली गो..." आमचे हे मिठागराच्या कचेरीत गेलेले. त्यांना निरोप धाडला आणि मिळेल त्या गाडीने आम्ही पनवेल गाठलं. आमच्यासाठीच थांबले होते सगळे. वहिनींना ओटीवर ठेवलं होतं. सकाळी परसात फुलं काढता काढता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. वामनभाऊजी, त्यांचे यजमान, उशाशी बसले होते. माझ्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "दुखलं नाही तिला."

इंदूवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा घर चाकांच्या कारखान्यामागे होतं. बैलगाडीची चाकं तेव्हा पनवेलची सगळीकडे जात. वामनभाऊजी तो कारखाना बघत. बोलणं अगदी बेतास बात, पण चाकावर लोखंडी पट्टीची धाव बसवताना त्यांचा हात बघावा. वहिनी याच्या अगदी उलट. मराठी सातवी झालेल्या, माहेरच्या पेणच्या, आणि वेड काय, तर दूरच्या गावांचं आणि किल्ल्यांचं! लुगड्याचा काचा मारून त्या कर्नाळ्यावर चढून आल्या होत्या. शेजारच्या मास्तरांकडून नकाशाचं पुस्तक आणून चुलीपाशी उघडून बसत आणि मला विचारत, "विलायतेतल्या किल्ल्यांत अजून माणसं राहतात म्हणे. थंडीत काय करत असतील गं?" सासूबाई आतून म्हणत, "आधी आमटी उतरवा."

विलायत आमच्या आवाक्यातली नव्हती. पण देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली तरी गोवा अजून पोर्तुगिजांकडेच होता, आणि म्हापशाला माझी सख्खी मावशी होती. वहिनींनी ही दोन टोकं जुळवली. "दिवसभराच्या बोटीवर परदेश आहे, आणि आपण पनवेलात बसून काय करतोय?"  बऱ्याच दिवसांनी जेवताना भाऊजी म्हणाले, "दिवाळीनंतर जाऊ." वहिनींना त्या दिवशी घास गेला नाही. भाऊजी, वहिनी, त्यांची पाच वर्षांची कुमुद, आमचे हे आणि मी, असे आम्ही निघालो. मला तेव्हा दिवस गेले होते, पण ते वहिनींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

बोटीच्या कठड्याला धरून वहिनींनी आग्वादचा किल्ला पाहिला तो क्षण मी विसरणार नाही. पाण्यातून वर आलेल्या त्या भिंती आणि वर फडफडणारं परकं निशाण. "खरंच परदेश की गं!" त्या म्हणाल्या, आणि लगेच गप्प झाल्या, कारण बाजूच्या माणसाने आम्हाला खुणेने हळू बोलायला सांगितलं होतं. पणजीच्या धक्क्यावर आमचं सामान उपसून पाहिलं गेलं. एका कागदावर सगळ्यांची नावं, वयं लिहून शिक्का मारून दिला. तो कागद दाखवल्याशिवाय परत जाता येणार नव्हतं. पुढचे दिवस आम्ही हिंडलो. पणजीची पिवळी-निळी घरं, जुन्या गोव्यातली ती थोरली चर्चं, जिथे आपल्याच पावलांचा आवाज माघारी येतो, शापोऱ्याच्या किल्ल्यावरून दिसणारा समुद्र. वहिनी प्रत्येक बुरुजावर चढायच्या, तोफेच्या तोंडात वाकून बघायच्या, कुमुदला दगडावरची अक्षरं बोटाने गिरवायला लावायच्या. पण सगळीकडे कुणीतरी आमच्याकडे बघत असे. चहाच्या दुकानात आम्ही शिरलो की बोलणी थांबत. मराठी वर्तमानपत्राचा एक कपटा भाऊजींच्या पिशवीत फराळाला गुंडाळलेला निघाला, तर मावशीने तो घाईघाईने चुलीत टाकला.

मावशीचा मुलगा दत्ता, माझा मावसभाऊ, म्हापशाच्या मराठी शाळेत शिकवायचा. तो कुठे दिसेना. "मडगावला गेलाय," मावशी म्हणायची आणि विषय बदलायची. आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी पोलीस आले. घरभर फिरले, भांडी उलथी केली, आमचा कागद तपासला आणि गेले. ते गेल्यावर मावशी स्वयंपाकघरात मटकन खाली बसली आणि रडू लागली. दत्ता घरामागच्या नारळांच्या खोपटात होता. सोडणांच्या, नारळाच्या सालींच्या, ढिगामागे. सत्याग्रहाच्या बैठका घेतल्या म्हणून त्याच्यावर पकडवॉरंट होतं. पकडलेल्यांना मारमारून आफ्रिकेला धाडतात, असं तेव्हा बोललं जाई. "आज ढीग उपसला नाही. उद्या उपसतील," मावशी म्हणाली.

 भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. वहिनींनी शिक्क्याचा कागद उलगडला आणि त्या अगदी बाजारातली भाजी ठरवावी तशा म्हणाल्या, "यात दोन पुरुष आहेत. उद्या दोन पुरुष जातील. फोटो कुठे आहे यावर?"

आमचे हे ताबडतोब म्हणाले, "मी मागे राहतो. दत्ता माझ्या नावाने जाऊ दे."

"तुम्ही नाही भाऊजी," वहिनी यांना म्हणाल्या. "हिला दिवस गेलेत." माझ्याकडे न बघता त्या बोलल्या आणि मग नवऱ्याकडे वळल्या. त्यांनी विचारलं नाही, फक्त बघत राहिल्या. वामनभाऊजींनी डोळे मिटले, उघडले. "मला पोहता येतं," ते म्हणाले. "तेरेखोलची खाडी ओलांडून येईन मी. होडीवाला बघा कुणीतरी." एवढंच. त्या नवरा-बायकोत त्यावर आणखी काही बोलणं झालेलं मी तरी ऐकलं नाही.

तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तरेला आहे. तेवढाच तुकडा पलीकडच्या काठावर पोर्तुगिजांचा होता, आणि किल्ल्यामागच्या वाटेने चालत गेलं की आपला मुलूख. सहल संपवताना शेवटचा किल्ला बघून घरी जाणारं कुटुंब, असं आम्ही दिसायचं होतं. भाऊजींचा कोट आणि टोपी घालून दत्ता आमच्याबरोबर निघाला. केरीहून होडीने आम्ही पलीकडे गेलो. मला तर कधी एकदा ती वाट धरतो असं झालेलं, पण वहिनी किल्ल्यात शिरल्या आणि निवांत हिंडू लागल्या. तटावर गेल्या. प्रार्थनाघराच्या दारातून आत डोकावल्या. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाला खुणांनी विचारलं, ही तोफ उडते का? तो हसला. दत्ताच्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि वहिनी त्याला मोठ्याने म्हणत होत्या, "अहो, इकडे या ना, समुद्र बघा किती लांबवर दिसतो!"

वाटेवरच्या चौकीत एक गोवेकर पोलीस होता. त्याने कागद घेतला, माणसं मोजली, दत्ताकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि वहिनींना विचारलं, "घोवाचें नांव कितें?"

नवऱ्याचं नाव. आमच्या घरात कुणा बाईने नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा वहिनी लाजून अर्धंच घ्यायच्या, अशी त्यांची ख्याती. त्यांनी दत्ताकडे बोट दाखवलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "वामन."

पोलिसाने मान डोलावली. मग तो खाली वाकला आणि त्याने कुमुदला विचारलं, "तुजो बापूय खंय गो?" कुमुदला पहिल्यांदा कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिने त्या टोपीकडे, कोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा मागे राहिले. मावशीआजीकडे..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. वहिनींनी तिच्या तोंडात मारली. असा आवाज झाला की झाडावरचे कावळे उडाले. पोर आधी गप्पच झाली, मग तिने टाहो फोडला. "कालपासून हेच चाललंय!" वहिनी पोलिसावरच कडाडल्या. "खेळणं घेऊन दिलं नाही म्हणून बापाला बाप म्हणत नाही कार्टी! अहो, बघताय काय, घ्या तिला!" आणि हात झाडणारी, लाथा मारणारी कुमुद त्यांनी दत्ताच्या अंगावर टाकली. दत्ताने तिला छातीशी घट्ट धरलं. तोही रडत होता, पण ते पोरीच्या डोक्याआड गेलं. पोलीस काही क्षण आमच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याने कागद परत दिला, पुढच्या वाटेकडे हात केला आणि म्हणाला, "वचात."

पहिलं आपलं गाव लागेपर्यंत वहिनींनी वळून बघितलं नाही. तिथे दत्ता त्यांच्या पाया पडायला वाकला, तेव्हा त्या बाजूला सरकल्या आणि एका काजूच्या झाडाखाली जाऊन बसल्या. मग त्यांनी कुमुदला मांडीवर घेतलं. तिच्या गालावर बोटं उमटली होती. त्या नुसत्या त्यावरून हात फिरवत राहिल्या.

वामनभाऊजी दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही एका देवळाच्या धर्मशाळेत वाट बघत होतो. शेवटी एका कोळ्याने बातमी आणली. ओहोटीला होडी वाळूत रुतली, गस्तवाल्यांनी गाठलं, होडीवाले पळाले आणि भाऊजी सापडले. आणि सापडल्यावर त्यांनी सांगितलं की मी चोरटी घड्याळं न्यायला आलो होतो. तेव्हा असल्या मालाची ने-आण खूप चाले, त्यामुळे ते पटलं. पोलिसांनी आणखी खोदलं नाही. म्हणून मावशी वाचली, दत्ताही वाचला. भाऊजींना तुरुंगवास झाला.

पनवेलला आमच्या आधी पोचली ती घड्याळांची गोष्ट. मावशी अजून म्हापशातच होती. खरं बोललो असतो, तर कुणाच्या कानावरून ते कुठे गेलं असतं याचा नेम नव्हता. म्हणून आम्ही तिघांनी तोंड शिवलं. सासूबाईंनाही सांगितलं नाही. ते महिने कसे गेले ते लिहिणं अवघड आहे. "सहलीच्या नावाखाली घड्याळं आणायला गेले," असं लोक विहिरीवर वहिनींच्या देखत म्हणत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावलं नाही. सासूबाईंनी तर बोलायचंच सोडलं. बोलल्या तर एवढंच, "हिच्या किल्ल्यांपायी माझा पोर गजाआड गेला." मला एकदा राहवलं नाही. मी सासूबाईंच्या खोलीकडे निघाले, तर वहिनींनी दारात माझा दंड धरला. "तुझ्या मावशीचं काय होईल?" त्या म्हणाल्या. "मला बोलून घेऊ दे त्यांना. पोटुशी आहेस तू, उगाच रडू नकोस." त्यांनी कारखान्यात बसून गिऱ्हाइकं सांभाळली, गडी टिकवले, माझं बाळंतपण केलं. फक्त एकदा, बाळाला न्हाऊ घालताना, त्या आपणहून म्हणाल्या, "कुमुदला मारलं त्याचं होईल काहीतरी, पोरं विसरतात. पण त्यांचं नाव मी जन्मात पहिल्यांदा घेतलं, ते दुसऱ्याकडे बोट दाखवून... आणि ते आत आहेत."

श्रावणात भाऊजी सुटून आले. दाढी वाढलेली, अर्धे झालेले. सासूबाई त्यांच्या गळ्यात पडून रडल्या. वहिनी माजघराच्या दारात उभ्या होत्या. सगळं शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "वामन, पाणी काढलंय. अंघोळ करून घे."

 सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. भाऊजी मात्र बायकोकडे बघत राहिले आणि, मला आठवतंय, त्या सगळ्या महिन्यांत त्या घरात कुणी हसलं असेल तर ते तेव्हा हसले. "आलो," म्हणाले. त्या दिवसापासून वहिनी त्यांना नावानेच हाक मारू लागल्या. चहाला बोलावताना कारखान्यातल्या हातोड्यांच्या वर त्यांचा आवाज जायचा. लोकांना आणखी एक विषय मिळाला. सासूबाई रागावल्या, मग थकल्या.

गोवा मुक्त झाला त्यानंतरच्या उन्हाळ्यात दत्ता पनवेलला आला. सासूबाईंसमोर पाटावर बसून त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं.  मग वहिनींना जवळ बोलावून त्यांनी त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला. "सांगायचं नाही का गं," एवढंच त्या म्हणाल्या. कुमुद तेव्हा शाळकरी होती. ती आईकडे बघत होती, आणि वहिनी तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. मग कुमुद उठली आणि आईला चिकटून बसली. दत्ताने खूप आग्रह केला, आता चला, सगळे किल्ले मोकळे झालेत. वहिनी हसून म्हणाल्या, "आता तो परदेश कुठे राहिला?" पण गेल्या वर्षापासून भाऊजींबरोबर तिकडे जायचा त्यांचा विचार चालला होता. यंदा दिवाळीनंतर, असं ठरतही होतं...

महिना झाला. मी कुमुदसाठी म्हणून पनवेललाच राहिले आहे. काल दुपारी मी चहा केला, कप भरले. भाऊजी मागच्या अंगणात, अर्ध्या झालेल्या चाकाशेजारी बसले होते. इथे सगळे त्यांना वामनराव म्हणतात, आमचे हे दादा म्हणतात, मी भाऊजी म्हणते. चहाची वेळ झालेली त्यांना ठाऊक होती, कारण त्यांनी हात धुतले होते, टॉवेलाला पुसले होते. तरी ते उठले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून बसून राहिले. चहावर साय धरली. शेवटी मीच कप घेऊन अंगणात गेले आणि काही न बोलता त्यांच्याजवळ ठेवला.