लिफ्टमधला वास

आमच्या नाहूरच्या सोसायटीत मी सेक्रेटरी आहे, म्हणजे नोटिशीखाली सही करणारा माणूस. गेल्या चैत्रात तक्रार आली की लिफ्टला मासळीचा वास मारतो. रोख उघड होता. एक कोळीण मावशी पाटी घेऊन आमच्याकडे येते, आणि सातव्या मजल्यावरचं तिचं गिऱ्हाईक मीच.

कमिटीचे आम्ही पाच जण पाहणीला लिफ्टमध्ये शिरलो, दार लावलं आणि नाकं वर करून उभे राहिलो. चेअरमनना बोंबलाचा वास आला. खजिनदारबाईंना सुकटीचा. एका सभासदाला आधी काहीच येईना, पण चेअरमननी नुसतं वळून पाहिलं आणि त्याचं नाक एकदम उघडलं. मला फक्त फिनेलचा वास येत होता, आणि तसं मी म्हणालोही.

पाचवे आमचे प्राध्यापक, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अहो, वास आहे की नाही हा प्रश्नच चुकीचा. ज्याला येतो त्याच्यापुरता तो खरा." मग तिघांच्या खऱ्यापुढे माझं एकट्याचं खरं पडलं. मासळीला लिफ्टबंदी झाली.

खरं तर पाहणीआधीचे चार दिवस मावशी इथे नव्हतीच. ती कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेला गेली होती. मला तसं सांगून गेली होती, आणि मी चार दिवस मुकाट्याने वरणभात गिळत होतो. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण माझा पार्किंगचा अर्ज चेअरमनकडे पडला होता. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी मावशी सात जिने चढून आली. गुडघे धरून उंबऱ्याशी बसली, दम खाल्ला आणि प्रसादाची पुडी काढली.

"वास आला म्हनं लिफ्टमदी. तू पन होतास ना रे? तुला आला?"

"ज्याचं त्याचं नाक असतं, मावशी."

"ते नाय विचारलं. तुला आला का?"

मी तिच्या हातातल्या पुडीकडे पाहिलं. तरी मी म्हणालो, "थोडासा."

तिने प्रसाद माझ्या हातावर ठेवला. पाटी डोक्यावर घेतली आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. माझ्यासाठी आणलेली सुरमई तिने पाटीतून काढलीच नाही.