टपालभाऊंचा वेग

१ जुलै २०२२, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. आलापल्लीच्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटी संगणक चालक म्हणून रुजू होण्याचा अर्ज मी आवक-जावक टेबलावर ठेवला. पलीकडच्या गृहस्थांनी शिक्का उचलला नाही. चष्मा लावला आणि माझा अर्ज, त्यातल्या पदार्थविज्ञानाच्या पदवीसकट, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाले, "मॅडम, याच्यावर तारीखच नाई. मग तुम्ही आल्या कधी?"

सगळे त्यांना टपालभाऊ म्हणत. आलेला कोणताही कागद पूर्ण वाचल्याशिवाय ते त्यावर शिक्का मारत नसत. वाघाने गाय मारल्याचा अर्ज असो की खुर्च्यांच्या खरेदीचे परिपत्रक, दोन्हींना सारखाच वेळ. मोठे बाबू जागेवरूनच टोमणा मारत, "भाऊ, टपाल घेऊन राह्यला का पोथी वाचून राह्यला?" भाऊ मान वर न करता उत्तर देत, "पाठवणारा तिकडं वाट पाहून राह्यते, बाबू. कोनी तरी पुरा वाचला पाहिजे ना." अर्जात सरपंचांची सही राहिली असेल, तर माणूस दारातून बाहेर पडण्याआधीच त्याला ते कळे. दूरच्या टोल्यावरून, एखाद्या पाड्यावरून आलेल्याची एक खेप वाचे.

नोकरी म्हणून त्या टेबलाकडे पाहिले, तर चित्र सरळ होते. भाऊ कित्येक वर्षे शिपाई होते. बढतीने लिपिक झाले ते एका अटीवर: मुदतीत मराठी टंकलेखनाची परीक्षा, मिनिटाला तीस शब्द. जमले तर पुढे वरिष्ठ लिपिक. नाही तर पुन्हा शिपाई. दोन प्रयत्न वाया गेले होते आणि तिसरा शेवटचा होता. "घरी दारावर पाटी लावली हाय, लिपिक म्हणून," ते एकदा म्हणाले. "आता ते काढाची कशी?"

मी स्वतः स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. अपयशाचे कारण मोजून काढता येते, यावर माझा विश्वास होता. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर वेळ लावू लागले. सुट्या, असंबद्ध शब्दांची यादी दिली की भाऊंचा वेग एकोणतीस. सलग उतारा दिला की बावीस. निष्कर्ष स्पष्ट होता.

"भाऊ, तुमची बोटं मंद नाहीत. तुम्ही वाचता, म्हणून थांबता. अर्थाकडे बघूच नका."

त्यांनी कळफलकावरून बोटे उचलली. "वाचाचंच नाई, तर त्यानं लिहिलं काऊन असन?"

तरीही त्यांनी प्रयत्न केला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सलग उताऱ्यावरही वेग तिसाला टेकला. चंद्रपूरला जाताना त्यांनी नवा सदरा घातला होता.

दुसऱ्या दिवशी ते टेबलावर बसले नाहीत, माझ्यासमोर उभे राहिले. "उतारा वाघाचा होता मॅडम. एका मानसाची गाय मारली, त्यानं अर्ज देला. पन पंचनामा कधी झाला, ते कुठीच नव्हतं. मी वरतं पाह्यलं, मंग खालतं पाह्यलं." ते थोडे हसले. "वेळ सरून गेला."

महिनाभरात आदेश आला. तो कागदही त्यांनी पूर्ण वाचला आणि स्वतःच त्यावर आवकचा शिक्का मारला. त्या खुर्चीवर नंतर कोणी आले नाही. टपाल संगणकावर येऊ लागले आणि पद रिक्तच ठेवले गेले. जे थोडे कागद येत, ते शिपाई म्हणून भाऊच स्कॅनरखाली घालत. एकामागून एक, न थांबता. सही राहिलेले अर्ज आता महिन्याभराने परत जाऊ लागले. मोठे बाबू टोमणे मारेनासे झाले.

माझी निवड झाली आणि मला पुण्याला रुजू व्हायचे होते. शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाऊ आपणहून संगणकापाशी येऊन बसले. "लावा घड्याळ." परीक्षा उरली नव्हती; तरी मी समोर पडलेला एक अर्ज त्यांना दिला आणि वेळ लावली. बोटे एका लयीत चालली, कुठेही अडखळली नाहीत. डोळे कागदावर होते.

वेळ संपल्यावर मी विचारले, "भाऊ, अर्ज कशाबद्दल होता?"

"नाई वाचलं जी," ते म्हणाले, आणि पुढच्या टेबलाचे चहाचे कप उचलायला गेले.

मी शब्द मोजले आणि नोंद केली. चौतीस.