भुऱ्या माझा होता

भुऱ्या गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची माणसं भेटायला आली, ती माझ्याकडे नाही, रस्त्यापलीकडे रशीदभाईंच्या दुकानात. मी ओट्यावरून पाहत होते. कुणी म्हणालं, "लय जीव होता त्याचा तुमच्यावर." रशीदभाई मान खाली घालून गादीला टाके घालत राहिले. कुत्रा माझा होता. माझ्या हातचं खाणारा. त्याला कायमचं झोपवायचा निर्णयही माझाच. तरी दुःख त्यांच्या दारात जाऊन बसलं... दीड महिना झाला, अजून सलतं. लपवण्यात अर्थ नाही.

मी राहते वरवट बकालला, शिकवते सोनाळ्याच्या शाळेत. मुलगा नाशिकला, घरात एकटी. तीन वर्षांपूर्वी शाळेतून येताना नाल्याजवळ तो दिसला. गळ्याला कुणीतरी बांधलेली तार मांसात रुतली होती. पोत्यात गुंडाळून उचलताना मनगटाला कडकडून चावला. मी लस टोचून घेतली, त्याची तार डॉक्टरांकडून काढून घेतली, तोंडाला फडकं बांधून महिनाभर मलम लावलं. जखम भरली, भीती काही भरली नाही. कुणी हात वर केला, काठी दिसली, की दात बाहेर. माझ्या हातची भाकर खायचा, पण तोच हात डोक्याकडे गेला की गुरगुरायचा. तीन वर्षांत मला त्याला कुरवाळता आलं नाही.

आणि एके दुपारी तो फाटक ढकलून रस्ता ओलांडून गेला. रशीदभाई गाद्या-रजया भरतात. मी धावत पोचले तर हा त्यांच्या कापसाच्या ढिगाशी पोट वर करून पडलेला, आणि ते त्याचा गळा खाजवतायत. नेमका तार होती तिथं.

"काही नाही करत, बाई. बसू द्या त्याले."

"घरी पाठवा. सवय बिघडते त्याची," मी म्हणाले.

त्यानंतर मी काय काय नाही केलं. दूध, कलेजी, तूप लावलेली भाकर. तो खायचा आणि पलीकडे जायचा. आठ दिवस फाटक बांधून ठेवलं, तर खाणं सोडून रडत राहिला. नवव्या दिवशी सोडला, तेव्हा त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. मी रशीदभाईंशी बोलणं कमी केलं. रजया भरायला संग्रामपूरला देऊ लागले. पन्नाशीतल्या बाईनं एका कुत्र्यापायी करावं असं हे नाही, कळत होतं.

आधी तो दूधवाल्याला चावला, मग एका वाटसरूला. दिवाळीच्या सुटीत रशीदभाईंची सहा वर्षांची नात सना दुकानात झोपलेल्या भुऱ्याच्या पायाशी पडलेलं दोऱ्याचं रीळ उचलायला वाकली. तो दचकून उठला आणि तिच्या गालाला चावला. टाके घालायला शेगावला न्यावं लागलं.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "हा पुन्हा चावणार, बाई. कोंडून ठेवाल तर वेडा होईल." संध्याकाळी रशीदभाई आले. "पोरीचं भरून येईन. त्याले नका मारू. त्याचं डोकं त्याच्या हातात नाही." ज्याच्या नातीच्या गालाला टाके पडले, तोच रदबदली करत होता. इथंही त्यांचंच मन मोठं, याचा मला राग आला.

"कुत्रा माझा आहे. मी पाहीन काय करायचं ते."

निर्णय बरोबर होता, आजही वाटतं. पण मी वेळ निवडली ती शुक्रवारच्या दुपारची, रशीदभाई नमाजाला जातात ती. शेवटी तरी तो फक्त माझ्याजवळ असावा... डॉक्टर आले आणि भुऱ्या मोरीच्या कोपऱ्यात शिरला. मी भाकर पुढं केली, तर हाताला चावला. डॉक्टर तासभर थांबले. शेवटी मी हाताला फडकं गुंडाळून रस्ता ओलांडला आणि त्यांच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिले.

"चला, रशीदभाई. माझ्याच्यानं होत नाही."

ते नुकतेच नमाजाहून परतले होते. "मले आधी काऊन नाही सांगितलं?"

मी परत वळले, ते मागोमाग घरात आले. त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली, मोरीच्या काठावर बसले. "ये बे, भुऱ्या." तो आला. थरथरत त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सुई टोचली, तसा रशीदभाईंनी माझा फडकं बांधलेला हात धरून त्याच्या गळ्यावर ठेवला. तारेच्या वणाला केस नव्हते, बोटांना ऊब लागली. तो गुरगुरला नाही. मग ती ऊबही हळूहळू...

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी रशीदभाई एक छोटी गादी घेऊन आले. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्यासाठी भरलेली. मला माहीतही नव्हतं. माझ्या घरी तो उघड्या फरशीवर झोपायचा. घातलेलं पांघरूण पायानं लोटून द्यायचा. गादीच्या मधोमध त्याच्या अंगाचा खळगा होता, भुरे केस चिकटलेले.

"तुमच्याकडं राहू द्या," ते म्हणाले. "कापूस दबला आहे. पिंजून देऊ?"

"नको."

ती माझ्या खाटेजवळ आहे. झाडताना मी ती उचलत नाही, भोवतीनं झाडते. कधी दुपारी रशीदभाई येतात, गादीवर हात ठेवून खाली बसतात. त्यांना तिथं एकटं सोडून चहा ठेवायला जाणं मला अजून जमत नाही.