तुरळक प्रवासी

लीलाताई बसमध्ये चढायच्या त्या आधी अर्ध्याच. उजवा पाय पायरीवर, डावा रस्त्यावर, एक हात दाराच्या दांडीला, आणि तशाच उभ्या राहून मागच्या सगळ्यांना आत घ्यायच्या. बाई दारात असताना ड्रायव्हर गाडी हलवत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कंडक्टरने दोनदा बेल मारली तरी त्या शांतपणे म्हणायच्या, "मारा बेल. माणसं चढल्याबिगर माझा पाय उचलत न्हाय." शेवटची म्हातारी आत गेली की मग त्यांचा डावा पाय वर यायचा.

कन्हेरी फाट्यावर मी त्यांना पहिल्यांदा असं पाहिलं तेव्हा मी इंदापूरला डिप्लोमाला नुकता प्रवेश घेतला होता. आमची वस्ती फाट्यापासून आत. आजोबांची मेंढरं होती, वडिलांनी ती विकून शेती धरली, आणि शिकायला म्हणून रोज बाहेर पडणारा घरातला मी पहिलाच. बसमध्ये रेटून शिरायची मला लाज वाटायची. पहिल्या आठवड्यात दोन गाड्या माझ्यासमोरून गेल्या. तिसऱ्या दिवशी लीलाताईंनी दंडाला धरून मला आत ढकललं आणि नाव विचारलं. दत्ता, म्हणालो. "दत्ता, लाजणाऱ्याला गाडी थांबत न्हाय," त्या म्हणाल्या.

त्या लोणी देवकरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होत्या. कन्हेरीहून इंदापूर, तिथून दुसरी गाडी पकडून लोणी देवकर, आणि संध्याकाळी तेच उलटं. पहिली गाडी दहा मिनिटं उशिरा पोचली की दुसरी निघून गेलेली असे, आणि कारखान्याच्या फाटकावर अर्धा दिवस गैरहजर. त्यांच्या वडिलांनी लहानपणी आपल्या वडिलांबरोबर बौद्ध धम्म घेतलेला. ते लेकीला सांगायचे, शिक आणि गाव सोड. लीलाताईंनी त्यातलं अर्धंच ऐकलं. "गाव कशापायी सोडायचं?" त्या म्हणायच्या. "रोज जायचं, रोज माघारी यायचं. गाडी हाय तवर गाव हाय." घरी सासू अंथरुणाला होती, दोन मुली शाळेत होत्या. इंदापुरात खोली घेऊन राहणं त्यांना शक्यच नव्हतं. ती बस होती म्हणून त्यांची नोकरी होती.

उसाचा हंगाम सुरू झाला की आमची बस ट्रॅक्टरमागे लागायची. दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर डुलणारा ऊस, आणि मागे बैलाच्या चालीने आम्ही. गाडीतले लोक ड्रायव्हरला शिव्या घालत. लीलाताई घालत नसत. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "लवकर न्या आसं आमी म्हणतच न्हाय. रोज एकाच टायमाला न्या. मग दोन तास लागूंद्या, आमी दोन तास आधी उठू." वाहतुकीचं शास्त्र मी पुढे चार वर्षं पुस्तकांतून शिकलो. प्रवाशाला वेगापेक्षा भरवसा जास्त लागतो, हे त्यात अनेक पानं खर्चून लिहिलेलं होतं.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या दिवशी लासुर्ण्याच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटली. रस्ताभर ऊस, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. मी रडकुंडीला आलो होतो. लीलाताईंनी मला खाली उतरवलं आणि त्या रांगेच्या कडेने पुढे चालू लागल्या. उसावरून पाय टाकत आम्ही पलीकडे गेलो. तिथे एक दुधाचा टेम्पो इंदापूरकडे तोंड करून वळत होता. पुढे एकाच माणसाची जागा होती. त्यांनी मला त्यात बसवलं, दार लावलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या की ह्याला थेट कॉलेजात सोडा. मी पेपरला वेळेत पोचलो.

त्या दिवशी त्यांचीही मुलाखत होती. त्यांच्या विभागात पर्यवेक्षकाची जागा निघाली होती आणि त्या सगळ्यांत जुन्या होत्या. त्या पोचल्या तेव्हा दुसऱ्याचं नाव लागलं होतं. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. पास झाल्याचे पेढे घेऊन गेलो तेव्हा त्यांच्या सासूने अंथरुणातूनच सांगितलं. लीलाताई चुलीजवळून म्हणाल्या, "आता ते कशाला काढताय आत्या. त्याचा पेपर एकदाच व्हता, माझी जागा परत निघंल." ती परत निघायला चार वर्षं लागली.

एवढं सगळं सांगितलं ते पुढचं सांगायला सोपं जावं म्हणून नाही. उलट, पुढचं सांगताना मला कुठे पळायला जागा राहू नये म्हणून.

मी पुण्याला नोकरीला लागलो. रस्ते आणि वाहतुकीचे आराखडे करणारं कार्यालय होतं. काही वर्षांनी आमच्याकडे काम आलं ते बारामती-इंदापूर रस्त्याचं. रस्ता रुंद झाला होता, पण हंगामात ट्रॉल्या होत्याच, शिवाय बाजार, लग्नाच्या वराती, कडेला लावलेल्या गाड्या. बससाठी स्वतंत्र मार्गिका राखली, तिच्यात दुसरं वाहन येऊच दिलं नाही, तर गावांतून शहरात रोज जाणाऱ्यांचा प्रवास सुधारेल का, हे तपासायचं होतं. मी हट्टाने ते काम मागून घेतलं. पहिला फोन लीलाताईंना केला. त्या हसल्या. म्हणाल्या, बससाठी सोताचा रस्ता? मग उसाच्या मागं न्हाय जायचं? मी म्हटलं, नाही जायचं.

त्यांनी रजा काढली आणि आठवडाभर माझ्याबरोबर बसने फिरल्या. मी कार्यालयाची गाडी आणली होती, ती त्यांनी फाट्यावरच ठेवायला लावली. "गाडीत बसून बस कशी मोजशील?" प्रत्येक थांब्यावर मी आकडा लिहायचो आणि त्या माणसं सांगायच्या. ही बाई आठवड्यातून तीनदा दवाखान्यात सुई टोचून घ्यायला जाते. ह्या तिघी लोणी देवकरच्या, माझ्याच पाळीच्या. हा नरसिंहपूरचा, बहिणीकडे राहून शिकतो. कन्हेरी फाट्यावर सकाळच्या एका गाडीला चाळीसेक माणसं चढली. माने वस्ती, दगडी पूल, चिंचेचा मळा अशा, नकाशावर नाव नसलेल्या थांब्यांवरही पंधरा-वीस होतीच. शेवटच्या दिवशी उतरताना त्या म्हणाल्या, "रस्ता कर न कर, पर ही माणसं लिव्ह बाबा. ह्यास्नी कुणी लिव्हत न्हाय." मी लिहीन म्हणालो.

पुण्यात संगणकावर हिशेब मांडला. मार्गिकेमुळे वेळ वाचत होता, यात शंकाच नव्हती. पण प्रत्येक थांब्यावर गाडी हळू होते, थांबते, पुन्हा वेग घेते. सगळे थांबे ठेवले तर बारामती ते इंदापूर तासाच्या वर जात होतं. साहेबांचं म्हणणं होतं की तासाच्या आत बसलं तरच प्रस्तावाकडे कुणी बघेल. त्यांनी मला थांबे काढ असं सांगितलं नाही, हे इथे लिहिलं पाहिजे. वेळ बसव, एवढंच ते म्हणाले. थांबे मी काढले. लांबून बसलेल्या माणसाला कमी गैरसोय व्हावी म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. एकूण सात थांबे. त्यांत कन्हेरी फाटाही होता, कारण तिथून पुढचा मोठा थांबा जेमतेम दोन किलोमीटरवर होता. काढण्याचं कारण लिहायचा एक रकाना होता. सातही ठिकाणी मी लिहिलं, 'तुरळक प्रवासी'. लीलाताईंबरोबर भरलेले मोजणीचे कागद माझ्या कपाटात होते. ते मी अहवालाला जोडले नाहीत.

जनसुनावणी इंदापूरला झाली. भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. रस्त्याकडेचे दुकानदार भांडत होते, एक जण म्हणत होता की बसला कशाला वेगळा रस्ता, बसमध्ये बसतंय कोण आता, ज्याच्या त्याच्या दारात मोटारसायकल हाय. लीलाताई अर्ध्या दिवसाची रजा काढून आल्या होत्या. त्या उठून नकाशाजवळ गेल्या, चष्मा लावून बोटाने रस्ता शोधत राहिल्या आणि मग अधिकाऱ्यांकडे वळल्या.

"साहेब, ह्याच्यात कन्हेरी फाटा दिसत न्हाय. आणखीबी काई थांबं न्हाईत. छापताना ऱ्हायलं आसंल. ह्यो दत्ता आमच्याच थांब्यावरनं शिकला, त्यानं सोता माणसं मोजल्यात, मी सोबत व्हते. त्याला इचारा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. साहेबही. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की हो, राहिलंय, ते घालू. तेवढ्याने सगळं निस्तरलं असतं, आणि मी खोटारडाही ठरलो नसतो. मी म्हणालो, "तांत्रिक बाबी तपासून घेऊ." माझ्या स्वतःच्या गावच्या माणसाशी मी पुस्तकी मराठीत बोललो. लीलाताईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, चष्मा काढून डबीत ठेवला आणि जाऊन आपल्या जागेवर बसल्या. सुनावणी संपल्यावर मी मागच्या दाराने निघालो.

प्रस्ताव मंजूर झाला. मार्गिका आखली, दुभाजक बसवले आणि जलद गाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी मीही त्या गाडीत होतो. ट्रॉल्यांची रांग शेजारच्या भागात खोळंबली होती आणि आम्ही सुसाट चाललो होतो. लोक खूश होते. शेजारचे एक तात्या म्हणाले, आसं जन्मात पयल्यांदा. कन्हेरी फाटा आला तेव्हा मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. तरी दिसलंच. थांब्यावर माणसं उभी होती, आणि गाडी थांबणार नाही हे कळेपर्यंत चार-पाच जण पिशव्या सावरत पुढे आले होते.

जलद गाडी चालू झाल्यावर थांबत जाणाऱ्या सकाळच्या गाड्या कमी झाल्या. लीलाताई पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊ लागल्या. गुडघे आधीच गेले होते. पावसाळ्यात एकदा घसरून पडल्या, महिनाभर घरी राहिल्या, आणि निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली. हे मला माझ्या आईने फोनवर सांगितलं. कोण काय, कशामुळे, ते तिला माहीत नव्हतं. ती नुसती हळहळत होती.

मी गेलो. लीलाताई ओसरीवर पाय लांब करून तांदूळ निवडत होत्या. आत फळीवर बुद्धांची छोटी मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. त्यांनी माझ्या बायकोची चौकशी केली, चहा टाकायला उठू लागल्या. मी म्हटलं, "ताई, बसा. ते थांबं छापताना ऱ्हायलं नव्हतं. म्या काढलं."

त्यांनी तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "नकाशात बघितलं तवाच कळलं. सात-सात थांबं छापताना ऱ्हात न्हाईत."

मग सभेत तसं का म्हणालात, मी विचारलं.

"तुला बोलाया वाट करून दिली व्हती. तू घेतली न्हाईस."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. त्या आपणहून म्हणाल्या की रस्ता चांगला झालाय, आपण त्या गाडीत बसलोय, उगाच कशाला नावं ठेवू. तासाच्या आत इंदापूर. पुढची गाडी एकदाही चुकली नाही. "आसा रस्ता सगळीकडं व्हावा. पर गाडीत चढाया मिळालं तर ना." एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या. मी तो चहा प्यालो. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

पुण्याला परतल्यावर मी कपाटातले कागद काढले आणि वरिष्ठांना पत्र लिहिलं. कन्हेरी फाट्याबद्दल अहवालात जे लिहिलं ते खोटं होतं, मोजणी ही अशी होती, आणि ती मी दडवली, असं स्वच्छ लिहून सही केली. साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग मला त्या कामावरून काढून दुसऱ्या टेबलावर बसवलं. पण पत्र पुढे गेलं होतं. जवळजवळ वर्षाने कन्हेरी फाट्याला थांबा मिळाला. गाडीला त्यामुळे दीड-दोन मिनिटं जास्त लागतात. कुणाची तक्रार ऐकली नाही.

थांबा सुरू झाला त्या दिवशी मी लीलाताईंना फोन केला. आनंद झाला असेल, दोन शब्द बरे बोलतील, अशी आशा मनात होती, हे कबूल करतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बरं झालं म्हणाल्या. चार बायकांची चाल वाचली. मग त्यांनी विचारलं,

"आन बाकीचं सा?"

पत्र लिहिताना त्या सहांचे कागदही त्याच गठ्ठ्यात होते. मी ते उलटून बाजूला ठेवले होते आणि फक्त कन्हेरीचा काढून घेतला होता. मला खोटं दुरुस्त करायचं नव्हतं. मला फक्त लीलाताईंसमोर पुन्हा उभं राहता यायला हवं होतं. ते त्यांनी एका प्रश्नात ओळखलं.

"माने वस्ती हाय," त्या सांगू लागल्या. "दगडी पूल हाय. चिंचंचा मळा..." सहाही नावं त्यांनी सावकाश घेतली, मी लिहून घेत असेन अशा समजुतीने. मी लिहीत नव्हतो. नावं संपल्यावर त्या म्हणाल्या, "लिव्हलं का?"

मी टेबलावरचा कागद ओढला आणि म्हणालो, "ताई, परत सांगा."