वालूरहून आलेली फ्लॉपी

आधीच सांगून टाकतो, या अनुभवात पिंपळ नाही, पांढरी साडी नाही, आणि चालत्या गाडीला हात दाखवून कुणी गायबही होत नाही. तसले किस्से वाचताना मला हसू यायचं, अजूनही येतं. आमच्या घरात मी देवाला हात जोडायचो तो आई बघते म्हणून. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... मीही हसलोच असतो.

गोष्ट परभणीची, नव्वद ते त्र्याण्णवच्या दरम्यानची. स्टेशन रोडला एका स्टेशनरीच्या दुकानावर आमची कामाची खोली होती. आमची म्हणजे माझी आणि दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, माधवराव. पुण्याला कॉम्प्युटर शिकून, तिथली नोकरी सोडून ते गावाकडे परत आले होते. परभणीत तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की लोक चपला बाहेर काढून आत यायचे! दाजींनी जिनिंगवाल्यांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. कापसाच्या गाड्या किती आल्या, वजन किती, रुई किती निघाली, गाठी किती बांधल्या, सगळं त्यात. वालूर, सेलू, मानवत अशी मोजकी गिऱ्हाइकं होती.

प्रोग्राम दाजी एकटे लिहायचे. मला त्यातली एक ओळ लिहिता येत नव्हती. आता मोबाइलवर अपडेट आपोआप येतो, तेव्हा अपडेट म्हणजे मी. फ्लॉपी मऊ फडक्यात गुंडाळायची, स्टीलच्या डब्यात ठेवायची, एसटी पकडायची. नामांतरावरून त्या वर्षांत कधी बंद तर कधी रास्ता रोको, त्यामुळे एसटी निघेल तेव्हा खरी. गावात पोचून मशीन चालू करून द्यायचं आणि शिव्या खाऊन परत यायचं. तरीही प्रोग्राम उघडला की पहिल्या पडद्यावर वर व्हर्शनचा नंबर आणि खाली दोघांची नावं यायची. आधी त्यांचं, मग माझं. मी एकदा म्हणालो, "दाजी, माझं कशाला?" तर म्हणाले, "धंदा दोघांचा, मग नाव एकाचं काहून?"

त्यांचे नियम कडक होते. प्रोग्राममध्ये एवढंसं जरी बदललं तरी नंबर वाढणार. नंबर मधला गाळायचा नाही, नाहीतर गिऱ्हाइकाला वाटतं आपली एक फ्लॉपी बुडाली. आपल्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय फ्लॉपी बाहेर जायची नाही. आणि नवी दिली की जुनी परत आणायची, गॅसच्या टाकीसारखी. एका गावात जुना प्रोग्राम आणि दुसऱ्यात नवा असला की निस्तरता निस्तरता नाकी नऊ यायचे.

तर एकदा मी वालूरला १.६ घेऊन गेलो. तिथल्या जिनिंगचा ऑपरेटर गंगाधर, शेतकऱ्याचा पोरगा, लय हुशार. त्याने माझ्यासमोर ड्राइव्हमधून जुनी काढून दिली. वर दाजींच्या हातचं लेबल, १.५. परत आल्यावर दाजींनी सवयीप्रमाणे ती मशीनमध्ये घालून बघितली. आक्का दुपारचा चहा घेऊन नुकतीच वर आली होती.

पडद्यावर आलं, व्हर्शन ४.०.

आम्ही दोघं त्या आकड्याकडेच बघत होतो. आक्काने खाली बघितलं. "अन् ह्यांचं नाव कुठाय?" खाली फक्त माझं नाव होतं.

दाजींनी चाचणीसाठी एका गाडीची नोंद टाकली, वजन भरलं, आणि नेमकी लाईट गेली. आमच्या प्रोग्रामचं मोठं दुखणं हेच होतं. लाईट गेली की दिवसभराच्या नोंदी पाण्यात. लाईट आल्यावर पुन्हा ४.० उघडला, आणि ती गाडी जागच्या जागी होती. दाजी पडद्यापासून मागे सरकले. "हे मी अजून लिहिलेलंच न्हाई," म्हणाले. मग कॉपी करून घ्यावी म्हणून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तर... व्हर्शन १.५. दोघांची नावं. त्यानंतर किती वेळा घातली असेल ती फ्लॉपी, कायम १.५.

दाजींना पहिल्यांदा माझाच संशय आला. "वेगळं दुकान थाटायलास का रे? कुणाकडून लिहून घेतलंस?" मला लय लागलं ते. आठवडाभर मी फ्लॉप्या टेबलावर ठेवून तसाच खाली उतरायचो. मग एके दिवशी तेच म्हणाले, "अख्ख्या जिल्ह्यात हे लिहिणारा मी एकटा. मग लिहिलं कुणी?" संशय होता तेच बरं होतं असं मला तेव्हा वाटून गेलं.

अर्थ काढला तो आक्काने. चार नंबर येईल तेव्हा हे नसतील, एवढंच ती म्हणाली आणि खाली निघून गेली. दाजी हसले. "चार म्हणजे काय यम हाय का?" पण नंबर तर वाढतच होते. दोन झाला, तीन झाला. मी गावाहून आलो की आक्का पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी विचारायची, "कितवा झाला?"

साडेतीननंतर हसणं बंद झालं. मी म्हणालो, चार गाळू, थेट पाच करू. दाजी तयार होईनात. माझा नियम मीच मोडला तर गिऱ्हाईक कशाला पाळील, म्हणाले. पण मला वाटतं कारण ते नव्हतं, चारवरून उडी मारायचीच त्यांना भीती वाटत होती. मग ३.९ नंतर ३.९१ आला. ३.९२. वालूरचा मालक चेष्टा करायचा, "काय हो, तुमचा आकडा सोनार सोन्याचं वजन करतो तसा बारीक बारीक व्हायलाय." मीही हसायचो. मग एसटीत बसलो की चारला किती उरले ते मोजायचो.

आणि ते लाईटचं दुखणं... ते दुरुस्त करायचं दाजींनी तीन हंगाम टाळलं. ती दुरुस्ती त्या ४.० मध्ये होती म्हणून टाळलं. शेवटी ऐन हंगामात लोडशेडिंग वाढलं, वालूरला सलग दोन दिवसांच्या नोंदी गेल्या आणि मालकाने निरोप धाडला, आता जमत नसंल तर औरंगाबादहून दुसरा प्रोग्राम आणतो. वालूर गेलं असतं तर मागोमाग सेलू-मानवत गेलं असतं. दुसरं आमच्याकडे होतं काय?

दाजी लिहायला बसले. आक्का दारात उभी राहिली. तिचं म्हणणं होतं की यातून यांचं नाव आपणच काढायचं. "जायचं तर नाव जाऊ द्या. माणूस राहू द्या." दाजींनी स्वतःच्या हाताने आपलं नाव पुसलं. तिचं समाधान व्हावं म्हणून पुसलं की त्यांनाही ते पटलं होतं, कुणास ठाऊक. नंबर ठेवला ३.९६. सकाळी फ्लॉपी तयार झाली आणि उघडून बघणार एवढ्यात लाईट गेली. माझी एसटी निघायची वेळ. "जा," दाजी म्हणाले. "सगळा बदल मला पाठ हाय." न बघता फ्लॉपी बाहेर गेली ती ती एकच.

वालूरला गंगाधरने फ्लॉपी घातली आणि हाळी दिली, "साहेब, आज एकदम चार का वो?"

पडद्यावर व्हर्शन ४.०. खाली फक्त माझं नाव. तीन वर्षांपूर्वी बघितला होता तोच पडदा.

मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसलो. पण मग डोकं चालायला लागलं. लिहिताना दाजी मला सांगत होते, या वेळी त्यांनी नंबर एकाच जागी लिहून ठेवला होता, म्हणजे प्रत्येक पडद्यावर बदलत बसायला नको. आणि तो दाखवायला लावला होता क्विंटलचं वजन दाखवतात त्याच पद्धतीने, दशांश चिन्हानंतर एकच आकडा. ३.९६ तसा दाखवला तर चारच दिसणार! मला हसू फुटलं. एवढंच होय? भूत नाही, नि काही नाही, शाळेतलं गणित! कधी एकदा दाजींना सांगतो असं झालं. मी स्टँडवरच्या एसटीडी बूथकडे धावतच गेलो आणि आमच्या खालच्या स्टेशनरीवाल्या काकांना फोन लावला.

"व्यंकट, जिथं हायस तिथून निघ बाबा," काका म्हणाले. "माधवरावांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलंय."

मी पोचलो तेव्हा आक्का दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मला बघून उठली नाही. विचारलं फक्त, "कितवा होता?" मी सांगितलं नाही. तिला कळलं.

आता विचाराल तर माझ्याकडे सगळ्याची उत्तरं आहेत. नाव का नव्हतं, ते आम्हीच काढलं. चार का दिसला, त्याचं गणित आहे. लाईट गेल्यावर नोंद का राहिली, ते दाजींनी लिहिलं होतं. पण हे सगळं घडायच्या तीन वर्षं आधी आम्ही तिघांनी ते बघितलं कसं, याचं उत्तर नाही. आणि बघितलं नसतं तर? मग आकडे बारीक केले नसते, नाव पुसलं नसतं... मग काय झालं असतं? मी इथपर्यंत येतो आणि विचार सोडून देतो. ती १.५ ची फ्लॉपी अजून त्या डब्यात आहे, बुरशी चढलेली. घालून बघायला आता मशीनही नाही.

तेराव्यानंतर आक्का म्हणाली, "आता टाक की रे त्यांचं नाव परत." मूळ प्रोग्रामची फ्लॉपी त्या सकाळी लाईट गेली तेव्हा मशीनमध्येच होती, ती खराब झाली, पुन्हा उघडलीच नाही. आणि उघडली असती तरी मला लिहिता कुठे येत होतं?

वालूरच्या जिनिंगमध्ये तो प्रोग्राम पुढे कितीतरी हंगाम चालला. तक्रार एकही नाही. एका लग्नात गंगाधर भेटला. आक्का माझ्या शेजारीच बसली होती. तो आपला कौतुकाने सांगत होता, "रोज सकाळी मशीन चालू केलं की तुमचंच नाव दिसतं बगा, साहेब. लय मन लावून केल्तं तुमी."

आक्काने पदर सारखा केला आणि ताटाकडे बघत बसली.