पडद्यावरची निरीक्षक आणि थंड झालेला भात

पुण्यातल्या एका न्यायवैद्यक प्रयोगशाळेत माझी निवड झाली, त्याच आठवड्यात आमच्या नागपूरच्या घरी एका महिला पोलीस निरीक्षकाची मालिका सुरू झाली. बाबांचा होकार अजून मिळायचा होता. त्यामुळे मी मालिकेपेक्षा त्यांचेच अधिक बारकाईने निरीक्षण करत असे.

आधीच्या मालिकेतला निरीक्षक गच्चीवरून उडी मारी आणि त्याचा भांगही मोडत नसे, तेव्हा बाबांना वास्तवाची आठवण झाली नव्हती. ही बाई नुसते बोटांचे ठसे तपासू लागली तरी ते अस्वस्थ होत.

"हिचं लेकरू कोण सांभाळून राहिलं?"

उमरेडहून आलेले काका भर घालत, "अन् ही कधी हसत काहून नाही गा?"

त्या वेळी तिच्यासमोर प्रेत पडलेले असे. तरीही दोघांनी एकही भाग चुकवला नाही. आक्षेपालाही पुरावा लागतो, हे मला मान्य आहे.

शेवटच्या भागात खुनी उघड होणार, तेवढ्यात बाबा आईला म्हणाले, "जेवण वाढ वं."

जुन्या निरीक्षकासाठी याच घरात भात थंड होऊ दिला जाई. आई जागची हलली नाही.

"खुनी सापडू द्या, मंग वाढतो. आपली पोरगी हेच काम कराले चालली. पाहून तर घ्या, काय करा लागते ते."

बाबा शेवटपर्यंत पाहत राहिले. खुनी पकडला गेल्यावर ते माझ्याकडे वळले आणि गंभीरपणे म्हणाले, "तिथं थोडी हसत जाजो वं."

तो होकार होता. मी न हसता मान डोलावली.